डोंगरगाडीचा जीर्णोद्धार

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात एकच गाडी निर्माण केली आणि मग तीच पुनःपुन्हा निर्माण केली. शहाडच्या बाजूला त्याचे वर्कशॉप आहे. इंजिन आणि चासी तो बाहेरून आणतो. त्यावरचा पत्र्याचा देह, म्हणजे बॉनेट, दरवाजे, मडगार्ड, मागचा हौदा, हा सर्व त्याच्या कल्पनेतला आणि त्याच्या हातचा. ही गाडी रस्त्यावर धावण्यासाठी नाही. खडीच्या खाणी, मुरबाडकडचे मळे, डोंगरउतारावरच्या आमराया अशा खासगी आवारांत ती चढउतार करते. गिऱ्हाइके तिला डोंगरगाडी म्हणतात. मी मनातल्या मनात तिला वेगळेच नाव ठेवले आहे. परंतु ते माझ्या वयाच्या आणि व्यवसायाच्या माणसाने लिहू नये.

व्यवसाय म्हणजे पौरोहित्य. पाठशाळेत संस्कृत शिकलो, शाळेत संस्कृत शिकवले आणि आता कोपरला राहून आसपासच्या सोसायट्यांच्या सत्यनारायणांची सेवा करतो. आमच्या आईवडिलांनी एक मुलगा देवाला दिला आणि एक पत्र्याला. म्हातारपणी दोघांचेही कान अधू झाले. त्याचे हातोड्यामुळे, माझे यजमानांच्या लाउडस्पीकरमुळे. त्यामुळे आम्हा बंधूंचा प्रेमळ संवादही वरच्या पट्टीत चालतो आणि नवख्या माणसाला ते भांडण वाटते. गेल्या वर्षी मात्र वर्कशॉपमध्ये खरोखरच भांडण झाले आणि ते सोडवण्यासाठी मला बोलावण्यात आले.

भांडण भाऊ आणि त्याची मुलगी यांच्यात होते. माझी ही एकुलती एक पुतणी इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका कंपनीतली नोकरी सोडून ती वडिलांच्या मदतीला आली, वर्कशॉपच्या माळ्यावर तिने संगणक मांडला आणि त्यात एक नवी गाडी रेखाटली: बॅटरीवर चालणारी, बुटकी, रुंद बुडाची, उतारावर न कलंडणारी. मुरबाडकडच्या एका कृषिपर्यटनवाल्याला ती फार आवडली. जुनी डोंगरगाडी उतारावर कलंडते, ती आपण दारातसुद्धा उभी करणार नाही, असेही तो जाता जाता सांगून गेला.

"बाबा, तू फक्त हो म्हण," पुतणी म्हणाली. "जुनं मॉडेल बंद. आपण हे बनवू."

"जुनं म्हणजे काय गं? चालतंय ना?" भाऊ गरजला. "तुला नवीन इंजिन टाकायचंय, टाक. पॉवर स्टिअरिंग टाक. सीटा मऊ कर, हवा तर पंखा लाव. पण तिच्या अंगाला हात लावायचा नाही. पहिली गाडी बनवली तेव्हापासून एका रेघेचा फरक पडू दिलेला नाही मी."

"म्हाताऱ्याला जीन्स घातली म्हणून तो कॉलेजला जातो का?"

हे वाक्य गाडीविषयी होते. तरीही दोघांनी वळून माझ्या धोतराकडे का पाहिले, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

मग तिने आवाज खाली आणला. पुण्याची कंपनी तिला परत बोलावत होती. "मी दसऱ्यापर्यंत थांबते, बाबा. तोपर्यंत ठरव. नाहीतर मी चालले. मग तू आणि तुझी रेघ, दोघं बसा इथे."

भावाचे तोंड उतरले. होकार दिला तर आयुष्यभराची गाडी जाणार होती. नकार दिला तर मुलगी जाणार, तिच्यामागे वर्कशॉपला कुलूप लागणार आणि कुलूप लागले की गाडीही जाणारच. हे त्याला पूर्णपणे कळत होते. कळलेले मोठ्याने म्हणण्याची मात्र आमच्या घराण्यात पद्धत नाही. तो माझ्याकडे वळून एवढेच म्हणाला, "दादा, तूच सांग हिला काय ते."

मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार करून सांगतो म्हणण्याची सोय ही शास्त्राध्ययनाची सर्वांत मोठी कमाई आहे. समोरचा माणूस आपण ग्रंथ चाळीत आहोत असे समजतो आणि आपण वामकुक्षी करतो. परंतु भावाच्या घरी तिसऱ्या प्रहरी भावजयीने चहाबरोबर आपली कैफियतही आणून ठेवली. "दादा, निकाल काय तो लवकर द्या. जेवताना दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी मला मधे घेतात. 'हिला सांग मीठ दे', 'त्याला सांग समोरच आहे'. मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का?"

तेव्हा मला खरोखरच विचार करावा लागला. मला जे येते त्यातूनच मी उत्तर शोधले. देवालय जुने झाले की जीर्णोद्धाराचा विधी असतो. मूर्ती अभंग असेल तर तिला धक्का न लावता भोवतालचे बांधकाम सुधारावे. मूर्तीच भग्न झाली असेल तर तिच्यातले देवत्व मंत्रपूर्वक कलशात काढून घ्यावे, नवी मूर्ती घडवून तिच्यात ते स्थापन करावे आणि जुनी जलाशयात विसर्जित करावी. दोघांना समोर बसवून मी हे सविस्तर सांगितले. दोघांनाही ते आवडले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"झालं तर मग," भाऊ म्हणाला. "भग्न नसेल तर बदलायची नाही. शास्त्रच सांगतंय."

"आणि भग्न आहे की नाही ते कोण ठरवणार?"

"दादा ठरवेल."

"काकांना क्लच कुठे असतो ते तरी माहितीये का?"

मला माहीत नव्हते. अजूनही खात्रीने सांगता येणार नाही. तथापि भाऊ पेटला होता. "बसवतोच त्याला गाडीत. डोंगर चढवून आणतो. मग सांगू दे भग्न कोण आहे ते."

कल्याणच्या पलीकडे भावाच्या ओळखीच्या एका माणसाची बंद पडलेली खाण आहे. उन्हे कलल्यावर आम्ही तिथे पोहोचलो. गिऱ्हाइकाकडे जायला तयार असलेली एक डोंगरगाडी तिथे आधीच आणून ठेवलेली होती. भाऊ चालवणार, मी त्याच्या शेजारी, पुतणी मागच्या हौद्यात. माझ्या बाजूचा दरवाजा लावण्याचा एक विधी होता. आतल्या माणसाने अंग चोरून घ्यायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि बाहेरच्याने मागे सरून कंबरेचा धक्का द्यायचा. भावाने असे तीन धक्के दिले. तिसऱ्याला दरवाजा बसला आणि माझी कवळी हलली.

"पूर्वी हाताने लागायचा," भाऊ धापा टाकत म्हणाला. "हल्ली पत्राच तसला येतो. फुगतो."

"पत्रा फुगतो?" मागून प्रश्न आला. "पुरी आहे का ती?"

गाडी चढली, हे मान्य केले पाहिजे. जिथे शेळीने थांबून विचार केला असता तिथे ती विचार न करता चढली. मी विष्णुसहस्रनाम कित्येक वर्षे नित्यनेमाने म्हणत आलो आहे. परंतु त्या चढावर परमेश्वराची जी नावे माझ्या मुखातून निघाली ती त्यात नाहीत. माथ्यावर पोहोचून भावाने अभिमानाने इंजिन बंद केले. समोर उल्हास नदीकडचा सगळा सपाट मुलूख पसरलेला, मागे सूर्य मावळतीला टेकलेला. माझी सायंसंध्येची वेळ झाली होती. मी उतरायला गेलो आणि दरवाजा उघडेना.

आतून मी ढकलला. बाहेरून पुतणीने ओढला. मग तिने पाय उचलला.

"लाथ नको मारू!" भाऊ ओरडला. "कंबर लाव. तिला कंबरेची सवय आहे."

"बाबा, उघडताना कंबर कशी लावायची? कंबर आत ढकलते!"

सूर्य कुणासाठी थांबत नाही, यजमानांसाठी थांबत नाही तर भावासाठी कुठला थांबणार. पळी-पंचपात्र आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीत असतेच. सायंकाळचे अर्घ्य बसून द्यायचे असते, एवढी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. प्रश्न दिशेचा होता. गाडीचे तोंड पूर्वेला.

"जरा पश्चिमेकडे वळव," मी म्हणालो.

माझ्या भावाने ती गाडी डोंगरमाथ्यावर मोठ्या आदराने मागेपुढे करून पश्चिमाभिमुख केली, आणि मी खिडकीतून अर्घ्ये दिली. दुसरे अर्घ्य पुतणीच्या बुटांवर पडले, कारण ती अजून बिजागरीशी झटत होती. "काका, सूर्याला द्या ना," ती म्हणाली, "मी आधीच तापलेली आहे." शेवटी सीटवरून रांगत, ज्या वाटेने बकऱ्या भरतात त्या वाटेने, मागच्या हौद्यातून मला उतरवण्यात आले. धोतराचा एक सोगा आत राहिला तो राहिलाच.

तळाशी आल्यावर भावाने विचारले, "मग? भग्न आहे का?" मी म्हणालो, "चाके अभंग आहेत. दरवाजाविषयी माझे मत राखून ठेवतो." हा निकाल दोघांनाही मान्य झाला नाही. जेवताना भावजयीचे एक्स्चेंज पूर्ववत सुरू राहिले.

अशात खंडे नवमी आली. त्या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. भावाच्या वर्कशॉपमधली पूजा मी आरंभापासून सांगत आलो आहे आणि तिचे मुख्य दैवत म्हणजे फर्मे. फर्मा म्हणजे जाड पत्र्यात कापलेला नमुना. नव्या पत्र्यावर तो ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा आणि त्या रेघेवर कापायचे, की हुबेहूब तसाच भाग तयार होतो. बॉनेटचा एक, मडगार्डचा एक. दरवाजासाठी दोन लागतात: एक दरवाजाचा स्वतःचा, त्याच्या बाहेरच्या कडेने रेघ मारायची, दुसरा दरवाजा ज्यात बसतो त्या चौकटीचा, मध्ये पोकळ, त्याच्या आतल्या कडेने रेघ मारायची. हे सर्व फर्मे भावाने तरुणपणी स्वतः कापले. तेच त्याचे डिझाइन. कागदावर त्याने कधी काही काढले नाही.

अवजारांना हळदकुंकू वाहून भागते. पण पहिली गाडी विकली गेली त्या वर्षी भावाने फर्म्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा ठरवला, आणि तोही कडेने. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "पत्र्यात काय आहे, दादा? पत्रा सगळीकडे मिळतो. देव कडेत आहे." हे मला इतके आवडले की मी ते पुढे प्रवचनांत माझे म्हणून सांगितले. तेव्हापासून दरवर्षी मी मंत्र म्हणावे, त्याने बोटाने कडेवर शेंदराचा लेप द्यावा आणि मग आम्ही दोघांनी पुरणपोळीवर बसावे, हा क्रम चालत आला. कामगारही त्या शेंदराला जपत. खडू फिरवताना थोडा रंग नव्या पत्र्यावर उतरे, आणि केशरी रेघेत जन्मलेला दरवाजा शुभ मानला जाई.

त्या वर्षी फर्मे भिंतीवरून उतरवायला पुतणी चढली. दसरा दुसऱ्या दिवशी होता. तिची बॅग भरून माळ्याच्या जिन्यात आली होती आणि ती सर्वांना दिसेल अशीच ठेवलेली होती. दरवाजाचा फर्मा तिने दोन्ही हातांनी कडेला धरला, तोच काहीतरी तडकले. शेंदराचा एक लांबच लांब पट्टा कडेपासून सुटला आणि सोललेल्या सालीसारखा जमिनीवर आला.

"अगं, काय केलंस!" भाऊ किंचाळला.

शेंदरी देव असे क्वचित कवच टाकतात, आणि मग आतल्या मूळ मूर्तीच्या दर्शनाला लोक लोटतात. माझे हात सवयीने जोडले गेले. पुतणीचे मात्र देवाकडे लक्ष नव्हते. ती खाली उतरली, तो पट्टा उचलून तिने त्याची जाडी आपल्या करंगळीशी ताडून पाहिली. करंगळीएवढीच भरली. मग उघडा पडलेला फर्मा तिने भिंतीशी टेकवलेल्या एका नव्या दरवाजावर ठेवला. चारी बाजूंनी दरवाजा फर्म्याच्या बाहेर आला.

मग तिने चौकटीचा फर्मा घेतला, स्क्रू-ड्रायव्हरने त्याच्या आतल्या कडेचा शेंदूर खरवडून काढला (भावाने तिला अडवले नाही, यातच सगळे आले) आणि तो उभ्या गाडीच्या चौकटीला लावला. गाडीची चौकट फर्म्याच्या आत राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दरवाजा दरवर्षी वाढत होता. आणि चौकट दरवर्षी लहान होत होती."

भाऊ एका टायरवर बसला. वर्षानुवर्षे कामगार कानशीने दरवाजे घासत होते, गिऱ्हाइके कंबर वापरत होती आणि आम्ही सगळे पत्र्याला शिव्या देत होतो.

"एका रेघेचा फरक पडू दिला नाही म्हणालास," पुतणी म्हणाली. "तूच बदललीस की गाडी. दर खंडे नवमीला."

"मी काही केलेलं नाही."

"शेंदूर कोण लावत होतं?"

भावाने माझ्याकडे बोट केले. "हा मंत्र म्हणत होता."

"मंत्राला जाडी नसते," मी म्हणालो.

यावर पुतणी इतकी हसली की तिला दरवाजा धरून उभे राहावे लागले. भाऊ हसला नाही. तो उठला, फर्म्यांची उरलेली साल त्याने स्वतः काढली, रॉकेलच्या फडक्याने कडा पुसल्या आणि नवा पत्रा टेबलावर घेतला. पूजा झाली नव्हती, नैवेद्य गार होत होता, भावजयीचे दोन फोन येऊन गेले. हे गृहस्थ त्या वेळी करत होते त्याहून अधिक एकाग्र पूजा मी माझ्या उभ्या कारकिर्दीत कुणाला सांगू शकलेलो नाही.

दिवस मावळण्याच्या आत दरवाजा आणि चौकट दोन्ही उभी राहिली. भावाने दरवाजाला एक बोट लावले. टक असा लहानसा आवाज झाला आणि दरवाजा बसला. त्याने तो उघडला, पुन्हा लावला. पुन्हा उघडला. आम्ही दोघे बाजूला उभे राहून पाहत होतो आणि तो कुणी नसल्यासारखा दरवाजा उघडत होता, लावत होता.

"मस्त आहे रे, बाबा," पुतणी म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "मी ही गाडी कधी पाहिलीच नव्हती. मी फक्त फुगलेली पाहिली." मग ती म्हणाली, "आपण हीच ठेवू या का? नवीन इंजिन घालून?"

तो हो म्हणेल असेच मला वाटले. त्याला हवे होते ते सगळे समोर येऊन उभे होते. मुलगीही आणि गाडीही.

"नको," भाऊ म्हणाला. "तू मला वाईट वाटू नये म्हणून बोलतेयस. ही चांगली होती, तेव्हाच्या डोंगराला. आता गिऱ्हाईक सांगतंय कलंडते, तर कलंडते. मला वाटत होतं मी हिला सांभाळतोय. सांभाळत नव्हतो, लिंपत होतो." त्याने दरवाजावरून हात फिरवला. "ही एक मी ठेवतो. तू तुझी कर."

"नक्की?"

"बॅग रिकामी कर. जिन्यात अडखळायला होतं."

दसऱ्याला सकाळी मी माळ्यावर कलश मांडला. जीर्णोद्धाराचे बोललो होतो तर आता माघार कशी घेणार. "काका, देवत्व कलशातून डायरेक्ट कॉम्प्युटरमधे जातं, की मधे पेन ड्राइव्ह लागतो?" असे पुतणीने विचारले. मी तिला गप्प बसायला सांगितले आणि शेंदराला मज्जाव केला. अक्षता चालतील, पण त्याही कळफलकापासून लांब. भावाने मुकाट्याने एक फूल वाहिले आणि पडद्यावरच्या त्या बुटक्या, रुंद बुडाच्या आकृतीकडे, सोयरीक जमलेल्या घरातला मुलगा पाहावा तसे, डोके एका बाजूला कलवून पाहिले.

नवी गाडी उभी राहायला पुढे पुष्कळ दिवस गेले. ती तयार झाल्याचे कळले तेव्हा मी पाहायला गेलो. वर्कशॉपमध्ये पुतणी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि गाडीखालून भावाचे दोन पाय बाहेर आले होते.

"बाबा, बाहेर ये. आज डिलिव्हरी आहे."

"हा बोल्ट कुणी लावला इथे?" गाडीखालून आवाज आला.

"मी."

"चुकीचा आहे."

"बरोबर आहे. कॉम्प्युटरवर तपासलाय."

"मग कॉम्प्युटरला पाठव खाली. पाना दे गं, तेरा नंबरचा." आतून एक हात बाहेर आला आणि बोटे हलवू लागला. तिने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला, पाना उचलला, आणि बोल्ट कसा बरोबर आहे हे सांगत सांगत ओढणी कमरेला खोचून त्याच्या शेजारी गाडीखाली सरकली. मी त्या चार पायांना नमस्कार करावा की नाही याचा क्षणभर विचार केला. शास्त्रात आधार सापडेना, म्हणून चहा सांगायला गेलो.